भेटायला आलात, तर आधी बसा

बसा रे पोरांनो, आधी बसा. तिकडे मोहाच्या सावलीत, कुंपणाला टेकून. हात पुढे करायचे नाहीत, "चंद्री, चंद्री" म्हणून ओरडायचं नाही, आणि खिशातला गूळ अजून खिशातच राहू द्या. ज्याच्या घरी आपण जातो, त्याने आधी आपल्याला नीट पाहून घ्यायचं असतं. या वाडग्यात चंद्री घोडी आणि भुऱ्या गाढव हे घरचे, आणि तुम्ही पाहुणे. ते आपणहून जवळ येतील. तेवढा वेळ त्यांना द्या.

बघा, घोडीने मान वर केली. तिचा एक कान तुमच्याकडे आहे आणि दुसरा भुऱ्याकडे. घोड्यागाढवाचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. कान जिकडे, लक्ष तिकडे. कान मागे पाडून मानेला चिकटवले, तर समजायचं की तिला राग आलाय. मग दोन पावलं मागे सरायचं. आत्ता ते सैल आहेत.

आता तिचा डोळा बघा. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत इतका मोठा डोळा फार थोड्यांना मिळालाय. तो डोक्याच्या बाजूला बसवलेला असल्यामुळे चंद्रीला मान न वळवता जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते फक्त दोन ठिकाणचं: शेपटीच्या थेट मागचं, आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं. आणि येणारा माणूस नेमका कपाळावरच थाप मारतो! तिच्या दृष्टीने तो हात अचानक कुठूनतरी उगवतो. म्हणून जायचं ते खांद्याच्या बाजूने, हळू, बोलत बोलत.

रंगही तिला आपल्यासारखे दिसत नाहीत. निळा कळतो, पिवळा कळतो, पण लाल आणि हिरवा यांत तिचा गोंधळ होतो. आपल्या सूरजागडच्या डोंगरातली लाल माती, खाणीकडून येणाऱ्या ट्रकांची ती लाल धूळ, रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर बसलेली तुम्हाला लांबून दिसते. चंद्रीला ती पानांपासून सहज वेगळी काढता येत नाही. एकाच वाटेवर आपण उभे, आणि वाट मात्र दोघांना दोन रंगांची.

मघाशी काय झालं ते पाहिलंत ना? ट्रक गेला, त्याची ताडपत्री सुटून फडफडली, आणि चंद्री उधळली. वाडग्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मग वळून पाहायला लागली. ही घोडी पूर्वी वरातीतली. बँड, फटाके, दिव्यांची रोषणाई सगळं तिने सोसलंय. पण फडफडणारी ताडपत्री तिच्या ओळखीची नाही. आणि भुऱ्या? तो होता तिथेच थांबला. चारही पाय रोवले, कान ताठ केले आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

"आबाजी, गाढवाला काही समजत नाही, म्हणूनच थांबलं ना ते?"

नाही रे. समजतं, म्हणून थांबलं. त्याची गोष्ट फार जुनी आहे.

चंद्रीचे पूर्वज मोकळ्या गवताळ मैदानातले. फ्रान्समधल्या तुलूझ इथे लुदोविक ऑर्लांदो नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शेकडो प्राचीन घोड्यांच्या हाडांमधला डीएनए वाचला आणि २०२१ मध्ये सांगितलं, की आज जगभर पाळले जाणारे घोडे काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या उत्तरेकडच्या, व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या प्रदेशातून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पसरले. त्या मैदानात झाड नाही, खडक नाही, लपायला जागा नाही. लांडगा दिसला की पळायचं, आणि विचार करायचा तो पळून झाल्यावर. जो थांबून बघत बसला, त्याचा वंश पुढे आला नाही.

भुऱ्याचे पूर्वज आफ्रिकेच्या खडकाळ, कोरड्या मुलखातले. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्याच चमूने गाढवांचाही डीएनए वाचला. त्यातून निघालं, की पूर्व आफ्रिकेतल्या माणसांनी सुमारे ७,००० वर्षांपूर्वी गाढव माणसाळवलं. म्हणजे माणसाच्या दारात घोड्याच्या कितीतरी आधी गाढव उभं होतं! पण दगडधोंड्यांच्या उतारावर आंधळेपणाने धूम ठोकली, तर पाय मोडतो. पाय मोडला की सगळं संपलं. तिथे जो आधी थांबला, ज्याने बघितलं आणि मग पाऊल टाकलं, तो वाचला. हा थांबण्याचा गुण भुऱ्याच्या अंगात तिथून आलाय. ओझं लादलेलं गाढव ओढ्यापाशी अडून बसतं, आणि माणूस त्याला काठीने बडवतो. गाढव तेव्हा पाण्याचा तळ जोखत असतं. या एका गैरसमजापायी या जनावराने जेवढा मार खाल्लाय, तेवढा दुसऱ्या कुठल्या पाळीव जनावराने खाल्ला असेल असं मला वाटत नाही.

त्याचं ओरडणंही तिथलंच. त्या ओसाड मुलखात चारा विरळ, म्हणून रानगाढवं एकमेकांपासून लांब लांब चरायची. हाक पोचवायची तर ती मोठीच हवी. घोडा खिंकाळतो तो श्वास सोडताना. गाढव श्वास घेतानाही ओरडतं आणि सोडतानाही. म्हणून त्याचा आवाज असा आत-बाहेर करवतीसारखा चालतो. तुम्ही वळणावर दिसलात की भुऱ्या ओरडतो ना? ती पूर्वी मैलभर लांबच्या सोबत्याला घालायची हाक. आता ती तुमच्यासाठी आहे. ज्या रानगाढवांकडून ती आली, ती आज इरिट्रिया आणि इथिओपियाच्या वाळवंटी कोपऱ्यांत काही शेकडाच उरलीत.

काढा आता तो गूळ. एवढाच, बोराएवढा. तळहात सपाट ठेवा, अंगठा बोटांना चिकटवा. बघा कसा ओठांनी उचलला! "गाढवाला गुळाची चव काय" असं आपण म्हणतो. पण भुऱ्याच्या जिभेला गोड उत्तम कळतं. गोड कळत नाही ते मांजराला. गोडाची चव ओळखणारं जे यंत्र जिभेवर असतं, त्यातला एक जनुक मांजराच्या कुळात कधीच मोडून पडलाय, वाघाचंही तेच. ताडोबातल्या वाघापुढे गुळाची अख्खी भेली ठेवली, तरी त्याला तिचा गोडवा लागायचा नाही. म्हण खरं तर मांजराची हवी होती.

पण भुऱ्याला एवढ्यावर थांबवायचं. त्याचं पोट रुक्ष गवतावर, काटक्यांवर चालणारं. गूळ, भाकरी, शिळा भात, पेंड असं भरपूर दिलं, तर त्याच्या खुराच्या आत सूज येते आणि त्याला पाऊल टाकवत नाही. लाडाने जनावर लंगडं होतं. पाहुण्यांनी हे फार लक्षात ठेवायचं.

"आबाजी, घोडी अन् गाढव एकमेकांचे कोण लागतात?"

लांबचे भाऊबंद. सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा फुटल्या. तरी नातं इतकं शिल्लक आहे, की दोघांचं पिल्लू होऊ शकतं. घोडी आई आणि गाढव बाप असलं, की खेचर. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं, गाढवाच्या ६२. दोघांकडून निम्मी निम्मी घेऊन खेचराकडे येतात ६३. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचराला बहुधा पिल्लं होत नाहीत. ताकद मात्र दोन्ही घरची मिळते.

आणि त्यांच्याही मागे जायचं असेल, तर उठून उभे राहा. हाताचं फक्त मधलं बोट जमिनीला टेकवा, नखाच्या टोकावर. घोडा असा उभा असतो. त्याचा खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. बाकीची बोटं कोट्यवधी वर्षांत झिजत गेली. घोडा, गाढव, झेब्रा, गेंडा आणि टापीर हे सगळे एका मोठ्या घराण्यातले. या घराण्याच्या अगदी मुळाशी असलेल्या एका प्राण्याची हाडं कुठे मिळाली माहीत आहे? आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, सुरत जिल्ह्यात, वस्तानच्या लिग्नाइट कोळशाच्या खाणीत. राजेंद्रसिंह राणा, अशोक साहनी आणि अमेरिकेचे केनेथ रोझ या संशोधकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती वर्षानुवर्षं गोळा केली. प्राण्याचं नाव खंभातच्या आखातावरून 'कॅम्बेथेरियम' असं पडलं. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, अंगाने मेंढीएवढा. तेव्हा भारत आशियाला पुरता चिकटायचा होता. हा प्राणी थेट घोड्याचा आजोबा नव्हे, आजोबाचा सख्खा भाऊ म्हणा. पुढे घोड्याचं कूळ वाढलं ते मुख्यतः उत्तर अमेरिकेत, आणि नवल असं, की तिथे ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नाहीसं झालं. अमेरिकेत घोडा परतला तो १४९३ मध्ये, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, जहाजातून.

खाणीतून नुसता कोळसा आणि लोखंड निघत नाही, पोरांनो. आपल्याच जिल्ह्यात सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथे डायनोसॉरच्या काळातले अवशेष आहेत. दगड फोडणाऱ्याचा डोळा उघडा असेल, तर दगडातून गोष्टी निघतात.

आता बघा, बोलू नका. चंद्री आली भुऱ्याजवळ. तिचं तोंड त्याच्या शेपटीकडे, त्याचं तिच्या शेपटीकडे. तिने त्याच्या मानेच्या मुळाशी, खांद्यावरच्या उंचवट्यावर दात टेकवले. चावत नाही ती. दातांनी केस कुरतडल्यासारखं करून खाजवते आहे. आणि तोही तिच्या त्याच जागी तेच करतो आहे. ती थांबली, की तोही थांबतो. पुन्हा सुरू केलं, की पुन्हा.

या एका जागेत केवढं गुपित आहे! दक्षिण फ्रान्समध्ये कामार्ग नावाचा दलदलीचा भाग आहे. तिथे पांढऱ्या घोड्यांचे कळप राहतात. घोडे एकमेकांना नेमकं याच जागी का खाजवतात, हे तिथे दोन संशोधकांनी तपासून पाहिलं. त्यांनी हातानेच घोड्यांना तिथे खाजवलं आणि काळजाचे ठोके मोजले. ठोके मंदावले. मग दुसऱ्या जागी खाजवलं, तर तसा फरक पडेना. १९९३ मध्ये त्यांनी ते छापलं. म्हणजे चंद्री भुऱ्याला नुसतं खाजवत नाही, त्याचं काळीज शांत करते आहे, आणि तो तिचं. घोड्याचं निवांत काळीज तसंही मिनिटाला तीसचाळीसदाच ठोकतं. तुमचं याच्या दुपटीहून जास्त.

धाकटे, तू ये. खांद्याच्या बाजूने. हो, इथे. बोटांच्या टोकांनी, जरा दाबून, वर-खाली. आता तिच्या वरच्या ओठाकडे बघ. लांब झाला ना? टोकाला थरथरतोय. पापणी अर्धी मिटली. आवडल्याची ही खूण. आता ती मान वळवून तुझ्या खांद्याला दात लावू पाहील. उपकाराची फेड करायची तिची रीतच ती आहे. तिचे दात आपल्या कातडीला सोसायचे नाहीत, म्हणून हाताने तिचं तोंड हळूच बाजूला कर. रागावू नकोस.

रागावलेलं तिच्या लक्षात राहतं, हेही सांगून ठेवतो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांना सकाळी एका माणसाचा फोटो दाखवला, काहींना चिडलेल्या चेहऱ्याचा, काहींना हसऱ्या. दुपारी तोच माणूस साध्या, कोऱ्या चेहऱ्याने समोर आला. ज्यांनी चिडका फोटो पाहिला होता, ते घोडे त्याच्याकडे जास्त करून डाव्या डोळ्याने पाहू लागले. धोक्याच्या वस्तूकडे घोडा डाव्या डोळ्याने बघतो. सकाळी पाहिलेल्या नुसत्या फोटोतला राग त्यांनी दुपारपर्यंत जपून ठेवला होता. मग कुंपणाबाहेरून खडे मारणारी दोन पोरं होती, त्यांना चंद्री विसरली असेल का? ती आली की ही अजून पाठ फिरवते.

भुऱ्याचं निराळंच. गाढव दुखणं लपवतं. घोड्याच्या पोटात दुखलं, की तो लोळतो, पाय आपटतो, घाम फुटतो, कोणालाही कळतं. गाढव फक्त जरा गप्प होतं, चारा कमी खातं, कान थोडे उतरतात. ते कळायला रोज भेटणारा माणूस लागतो. भुऱ्या वीटभट्टीवरचा. आला तेव्हा त्याच्या पाठीवर जुन्या जखमा होत्या आणि त्यांना हात लावला तरी तो हूं की चूं करत नव्हता.

झोपेचं सांगू? घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो हे तुम्ही ऐकलंय. मागच्या पायातली गुडघ्याची वाटी तो हाडाच्या एका उंचवट्यावर अडकवतो. मग स्नायूंना फार जोर न लावता पाय ताठ राहतो आणि पडायची भीती नसते. पण ही डुलकी. खरी गाढ झोप, जिच्यात बहुधा स्वप्नंही पडत असतील, ती उभ्याने येत नाही. त्या झोपेत अंग सैल पडतं. तिच्यासाठी जमिनीवर आडवं व्हावं लागतं. आणि आडवा झालेला घोडा चटकन पळू शकत नाही. म्हणून कळपात एक आडवा झाला, की दुसरा उभा राहून राखण करतो. एकट्या ठेवलेल्या, बिचकलेल्या घोड्याला आडवं व्हायचा धीर होत नाही. तो दिवसचे दिवस अर्धवट झोपेत काढतो आणि शेवटी उभ्याउभ्या गुडघ्यांतून कोसळतो. चंद्री एकटी होती तेव्हा मी तिला आडवी झालेली कधी पाहिली नाही. भुऱ्या आल्यावर काही रात्रींनी पहाटे कंदील घेऊन गेलो, तर ही अंग टाकून झोपलेली आणि तो शेजारी कान ताठ करून उभा. सोबत म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

गाढवांची ही सोबत इतकी खोल असते, की जोडीतलं एक गेलं तर दुसरं खाणं सोडतं. आणि गाढवाने खाणं सोडणं फार धोक्याचं. अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होतं आणि तेही दगावतं. म्हणून जाणते पशुवैद्य सांगतात, की मेलेल्या जोडीदाराला लगेच ओढून नेऊ नका. दुसऱ्याला जवळ येऊ द्या, हुंगू द्या. ते हुंगतं, ढोसतं, थोडा वेळ थांबतं आणि मग स्वतःहून दूर होतं. ज्याला हे करू दिलं नाही, ते हाका मारत शोधत राहतं.

प्राण्याशी माया लावायची रीत आपल्या मुलखाला नवी नाही. हेमलकशाला तुमच्यातले बरेच जण जाऊन आलेत. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. बाबांचे चिरंजीव प्रकाशभाऊ यांना एकदा वाटेत शिकारी भेटले. त्यांच्याजवळ मेलेली माकडीण होती आणि तिच्या छातीला जिवंत पिल्लू चिकटून राहिलेलं. भाऊंनी ते मागून घेतलं आणि वाढवलं. प्राण्यांचं अनाथालय तिथून सुरू झालं. पुढे शिकारीत अनाथ झालेली पिल्लं माडिया लोक स्वतःच आणून देऊ लागले. भुकेपोटी शिकार करणाऱ्या माणसानेच ते पिल्लू हातावर ठेवलं, ही त्या गोष्टीतली मला सगळ्यांत मोठी वाटणारी बाब.

आणि घोड्याला मान देणं तर वारीत शिकावं. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून दरवर्षी दोन अश्व पायी आळंदीला येतात, माउलींच्या पालखीसाठी. एकावर स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नाही, तो माउलींचा. रिंगणात ते धावून गेले, की वारकरी त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

गाढवाची जत्रा बघायची तर पौष पौर्णिमेला जेजुरीला जावं. काठेवाडापासूनची गाढवं तिथे येतात. वैदू, बेलदार, कैकाडी, कुंभार, वडार मंडळी व्यवहाराला बसतात. गाढवाचा ओठ उचलून दात बघतात आणि 'दुवान' म्हणजे दोन दातांचं, 'चौवान' म्हणजे चार दातांचं, असं वय सांगतात. त्यात पक्कं शास्त्र आहे. दुधाचे पुढचे दात पडून मधली पक्की जोडी साधारण अडीच वर्षांनी येते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. शाळेत न गेलेल्या त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जनावरांच्या तोंडात पाहून हे कोष्टक पाठ केलंय. घोड्यांचा बाजार बघायचा तर दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला.

पण बाजारात आणायला गाढवं तरी किती उरलीत? २०१२ मध्ये देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती. २०१९ च्या पशुगणनेत ती सव्वा लाखाच्या आत आली. सात वर्षांत ६१ टक्के घट. घोडे आणि तट्टंही याच काळात ४५ टक्क्यांनी घटली. टेम्पो आले, ट्रॅक्टर आले, यंत्रं आली; ओझ्याच्या जनावराचं काम गेलं आणि कामाबरोबर त्याला पोसणारंही कोणी राहिलं नाही. त्यातच चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून एक औषध करतात आणि त्यासाठी जगभर गाढवं मारली जातात. आफ्रिकेतल्या देशांनी मिळून २०२४ मध्ये कातड्यासाठीच्या कत्तलीवर बंदी घालायचं ठरवलं. फार बरं केलं.

उद्या परत या. चंद्रपूरला, एटापल्लीला, आलापल्लीला, जिथे कुठे मामाच्या गावाला जाल, तिथे वीटभट्टीवर किंवा कुंभाराच्या दारात गाढव दिसलं, तर जवळ जा. आधी बसा. त्याच्यापुढे पाणी आहे का, डोक्यावर सावली आहे का बघा. पुढच्या दोन पायांना दोरी आवळून बांधली असेल, तर खाली कातडी सोलली आहे का ते बघा आणि मालकाला गोडीने सांगा. आणि ते एकटंच असेल, तर हेही सांगा: दुसरं गाढव परवडत नसेल, घोडं मिळत नसेल, तर निदान एक शेळी तरी त्याच्या शेजारी बांधा.